बडी फ्रँकलिनचा ९ वर्षांचा करार : सिडनीला नेमकं काय मिळालं?

सांगलीकर_मेलबर्न

नमस्कार मंडळी,

मेलबर्नला येऊन दीड वर्ष झालं. इथे मार्च ते सप्टेंबर फुटीशिवाय (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, त्याची लीग ती एएफएल) दुसरा विषय नसतो हे तुम्हाला सांगायला नको. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे शनिवार-रविवारच्या मॅचेस परत खेळतात आणि मी बाजूला उभा राहून मान हलवतो. आता मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटीच्या क्लासला) घातलंय, त्यामुळे मला पण हा खेळ नीट समजून घ्यायचाय. बेसिक नियम कळले : अठरा-अठरा जण, अंडाकृती ग्राउंड, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोनांतून लाथेने गेला की गोल म्हणजे ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. किक केलेला चेंडू हवेत झेलला की मार्क, मग निवांत किक मारायला मिळते. इथपर्यंत ठीक.

आता मूळ प्रश्न. आमच्या शेजारच्या आजोबांनी पोराला त्यांच्या नातवाची जुनी हॉथॉर्न क्लबची जर्सी दिली, तपकिरी-सोनेरी उभे पट्टे, पाठीवर २३. म्हणाले हा बडीचा नंबर, जपून वापर. त्यांनी एवढ्या प्रेमाने दिली की मी घरी येऊन लान्स फ्रँकलिनबद्दल वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विषय काढला तर एक जण म्हणाला असा फॉरवर्ड परत होणे नाही, आणि दुसरा लगेच म्हणाला की सिडनीने त्याला ९ वर्षांसाठी १ कोटी डॉलर दिले आणि बदल्यात एकही कप मिळाला नाही, पैसे पाण्यात. दोघंही एकदम ठाम.

क्रिकेटमध्ये सरासरी बघितली, शतकं बघितली की अंदाज येतो. इथे फॉरवर्डचं करिअर मोजायचं कशावरून? गोलवरून, कपवरून, की अजून कशावरून? आणि तुमच्या मते तो करार फसला का? सविस्तर लिहिलंत तर बरं, मला घाई नाही.

हॉक्सवाला

दादा, आधी सांगून टाकतो की मी हॉथॉर्नचा आहे, २००४ पासून मेंबर, त्यामुळे मी जे लिहीन त्यात माया असणार. पण खोटं लिहिणार नाही.

२००४ च्या ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नने त्याला पाचव्या नंबरला घेतलं. ड्राफ्ट म्हणजे वर्षाच्या शेवटी अठरा वर्षांच्या आसपासची पोरं क्लबांनी पाळीपाळीने निवडायची, खालच्या क्लबला आधी पाळी. रिचमंडकडे १ आणि ४ असे दोन नंबर होते आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसरीच पोरं उचलली. रिचमंडचा जुना माणूस भेटला तर हा विषय काढू नका, अजून दुखतं त्यांना. हॉथॉर्नने त्याच ड्राफ्टात २ ला जॅरिड रफहेड, ५ ला बडी, ७ ला जॉर्डन लुइस घेतला. एका दुपारी पुढच्या दहा वर्षांची टीम उभी राहिली म्हणा ना.

पहिली दोन वर्षं तो म्हणजे नुसते लांबलचक हातपाय होते. जवळपास दोन मीटर उंची, डावखुरी किक, पळायला हरणासारखा, पण किक कुठे जाईल याचा भरवसा नाही. मग २००७ ची एलिमिनेशन फायनल आली (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना इथे फायनल्स म्हणतात, शेवटची ती ग्रँड फायनल), अ‍ॅडलेडविरुद्ध. पोरगं वीस वर्षांचं. त्या दिवशी ७ गोल मारले आणि सातवा अगदी शेवटच्या काही सेकंदांत, पन्नास मीटरच्या पलीकडून. आम्ही ३ पॉइंटने जिंकलो. मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर उभा होतो आणि माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात इतका घट्ट धरला होता की मॅच संपल्यावर मनगटावर बोटं उमटली होती. त्या दिवसापासून मेलबर्नला कळलं की हा वेगळा आहे.

आणि २००८. त्या वर्षी फायनल्स धरून ११३ गोल. शेवटच्या राउंडला कार्लटनविरुद्ध शंभरावा गोल झाला आणि लोक कठड्यावरून उड्या मारून ग्राउंडमध्ये घुसले, ही इथली जुनी रीत आहे, शंभरावा गोल झाला की पब्लिक मैदानात. त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमचा ब्रेंडन फेव्होला पण शंभराच्या मागे होता, तो ९९ वर राहिला. एकाच रात्री, एकाच ग्राउंडवर, एक जण शंभर पार आणि दुसरा एका गोलने अडला. मी आमच्या टीमचा असून फेव्होलासाठी वाईट वाटलं. आणि महिन्याभरात ग्रँड फायनलला आम्ही जिलाँगला २६ पॉइंटने हरवलं. जिलाँग त्या वर्षी कसली टीम होती, आख्ख्या सीझनला फक्त एक मॅच हरली होती.

करारावर मी नंतर लिहीन, आत्ता कामावर आहे.

आकडेमोड

आकड्यांचं मी सांगतो, मग बाकीचे भावनेचं सांगतील.

एकूण ३५४ मॅचेस, १०६६ गोल. हॉथॉर्नकडून १८२ मॅचमध्ये ५८०, सिडनीकडून १७२ मॅचमध्ये ४८६. कोलमन मेडल, म्हणजे लीगच्या नेहमीच्या सीझनमध्ये (फायनल्स सोडून) सगळ्यात जास्त गोलचं, चार वेळा : २००८, २०११, २०१४, २०१७. ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवडलेली टीम) आठ वेळा, २०१८ ला तर कॅप्टन. गोल ऑफ द इयर दोनदा. कप दोन, २००८ आणि २०१३, दोन्ही हॉथॉर्नचे.

हजार गोल आजवर फक्त सहा जणांचे आहेत. टोनी लॉकेट १३६०, गॉर्डन कोव्हेंट्री १२९९, जेसन डन्स्टॉल १२५४, मग बडी १०६६, डग वेड १०५७, थोरला गॅरी अ‍ॅब्लेट १०३१.

आता इथे नवा माणूस एक चूक करतो. तो मॅचमागे सरासरी काढतो. लॉकेट २८१ मॅचमध्ये १३६०, म्हणजे पावणेपाचच्या वर. डन्स्टॉल २६९ मॅचमध्ये १२५४, तो पण साडेचारच्या वर. जॉन कोलमन, ज्याच्या नावाने ते मेडल आहे, त्याचे तर गुडघा जायच्या आधी ९८ मॅचमध्ये ५३७, म्हणजे मॅचमागे साडेपाचच्या आसपास. आणि बडी? तीन. बरोबर तीन. मग तो खालचा झाला का? अजिबात नाही, आणि याचं कारण खेळ बदलला.

लॉकेट-डन्स्टॉलच्या काळात फुल फॉरवर्ड गोलसमोर उभा असायचा, त्याच्यासोबत एक फुल बॅक, आणि मधली सगळी जागा मोकळी. लांब किक आली की दोघांची कुस्ती. आता बचाव करणारी टीम आख्खीच्या आख्खी मागे येते, जाळं टाकतात, एका फॉरवर्डवर दोन-दोन तीन-तीन जण उडी घेतात. गंमत बघा, हे जाळं सगळ्यात चांगलं बसवलं ते २००८ मध्ये हॉथॉर्नचाच कोच अ‍ॅलिस्टर क्लार्कसनने, इथे त्याला 'क्लार्कोज क्लस्टर' म्हणायचे. म्हणजे ज्या वर्षी बडीने शंभर गोल केले त्याच वर्षी त्याच्याच कोचने असा बचाव उभा केला की बाकीच्या क्लबांनी तो उचलला आणि त्यानंतर आजतागायत कोणालाही एका सीझनमध्ये शंभर गोल करता आले नाहीत. बडी स्वतःला पण नाही.

आणि दुसरं, तो फक्त गोलसमोर उभा राहणारा नव्हताच. तो चेंडू घ्यायला विंगपर्यंत यायचा. २०१० चा एसेंडनविरुद्धचा एमसीजीवरचा गोल बघा, नक्की बघा. बाउंड्रीच्या रेषेला लागून पळतोय, मागे केल हुकर जीव खाऊन पळतोय, आणि हा चेंडूला टप्पे देत देत (पळताना दर १५ मीटरला टप्पा द्यावाच लागतो) अंतर वाढवतच नेतोय, आणि मग तिथूनच, कडेवरूनच, पळतापळता डाव्या पायाने आत. एवढा उंच माणूस आणि विंगरची चाल. अशा माणसाला मॅचमागे तीन गोलवर मोजायचं म्हणजे कपिलला नुसत्या बॅटिंगच्या सरासरीवर मोजण्यासारखं आहे.

२०१२ ला लॉन्सेस्टनला नॉर्थ मेलबर्नविरुद्ध एका मॅचमध्ये १३ गोल मारलेत, ते पण या जाळ्याच्या काळात. एवढं सांगून थांबतो.

पर्थचा_पाटील

वरच्या दोघांनी छान लिहिलंय, मी फक्त गावाचं सांगतो कारण मी त्या बाजूला कामानिमित्त जातो.

बडी डोवेरिनचा. पर्थपासून ईशान्येला दीडशे-एक किलोमीटर, पूर्ण गव्हाचा पट्टा. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यात मैलोन्‌मैल उघडं रान दिसतं ना तसं, फक्त रान सपाट आणि धान्याचे सायलो उंच. वस्ती अगदी थोडी. ऑगस्टमध्ये तिथे शेतीच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, डोवेरिन फील्ड डेज, तेव्हा गाव भरतं, एरवी रस्त्यावर दोन गाड्या. अशा गावात फुटीचं ग्राउंड मात्र असतंच. तिथून तो पर्थला वेस्ली कॉलेजात शिकायला आला आणि पर्थ क्लबकडून खेळताना ड्राफ्टात गेला.

त्याची आई नूंगर समाजातली, म्हणजे या भागातले मूळ लोक. हे मुद्दाम लिहितोय कारण त्याच्याबद्दल बोलताना हा भाग सुटतो. एएफएलमध्ये मूळनिवासी खेळाडूंनी खेळाला जे दिलंय त्याला तोड नाही, आणि त्यांना स्टँडमधून जे ऐकावं लागलंय ते पण तेवढंच खरं आहे. सिडनीत त्याच्यासोबत अ‍ॅडम गुड्स होता, दोनदा ब्राउनलो मेडल (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं) जिंकलेला माणूस, त्याला २०१५ ला ग्राउंडोग्राउंडी हुर्यो उडवून हैराण केलं आणि तो त्याच वर्षी खेळ सोडून गेला. बडी त्या ड्रेसिंग रूममध्ये होता. २०२३ च्या मे महिन्यात एमसीजीवर कॉलिंगवुडच्या काही प्रेक्षकांनी बडीलाही तसंच केलं, तेव्हा कॉलिंगवुडच्याच कोचने उघडपणे नाराजी दाखवली. म्हणजे इतक्या वर्षांत एवढा तरी फरक पडला.

माझ्या इथल्या एका सहकाऱ्याच्या, तो पण नूंगर आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन फोटो आहेत, एक त्याच्या आजीचा आणि एक बडीचा. यापलीकडे मी काय सांगू.

वृषाली_सिडनी

धागा दोन दिवस वाचतेय, आता सिडनीकरांच्या वतीने लिहिते.

दादा, तुम्ही मेलबर्नला आहात म्हणून तुम्हाला सिडनी कशी आहे ते कळणार नाही. इथे फुटी म्हटलं की लोकांना रग्बी लीग आठवते. स्वान्स, म्हणजे सिडनीचा क्लब, मुळात साउथ मेलबर्नचा, १९८२ ला इथे आणून बसवला, आणि कित्येक वर्षं त्याला जगवावं लागलं. १९९५ ला टोनी लॉकेट इथे आला तेव्हा लोक पहिल्यांदा एससीजीला गर्दी करायला लागले. बडी हा त्या साखळीतला पुढचा. २०१३ च्या शेवटी सगळ्यांना वाटत होतं की तो जीडब्ल्यूएसकडे (सिडनीतलाच दुसरा क्लब) जाणार, आणि एकदम बातमी आली की स्वान्स, ९ वर्षं. आमच्या ऑफिसातल्या ज्या बायकांना एक नियम माहीत नव्हता त्या पण विचारायला लागल्या की तिकीट कुठे मिळतं.

कप नाही मिळाला हे खरं, मी लपवत नाही. २०१४ च्या ग्रँड फायनलला समोर कोण तर हॉथॉर्न, त्याचीच जुनी टीम, आणि आम्ही ६३ पॉइंटने हरलो. बडीने त्या दिवशी ४ गोल मारले, बाकी टीम कुठे होती माहीत नाही. २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध पहिल्याच क्वार्टरला त्याचा घोटा दुखावला, लंगडत खेळला, २२ ने हरलो. २०२२ ला जिलाँगने ८१ ने धुतलं आणि त्याला एकही गोल मिळाला नाही. तिन्ही मी बघितल्या, शेवटची एमसीजीला येऊन.

पण मधलं पण बघा ना. २०१५ ला फायनल्सच्या तोंडावर क्लबने सांगितलं की तो खेळणार नाही, मानसिक आरोग्याची अडचण आहे. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, सहा फूट सहा इंचाचा, देशातला सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू, आणि क्लब गुडघा-बिडघा काही न सांगता सरळ खरं कारण सांगतो. माझा भाऊ तेव्हा पुण्यात याच त्रासातून जात होता आणि घरात कोणी शब्द काढत नव्हतं, पाहुण्यांना सांगायचे की कावीळ झालीय. मी ती बातमी त्याला फोनवर वाचून दाखवली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, परत खेळायला आला की मला कळव. पुढच्या वर्षी बडी परत आला आणि ८१ गोल मारले. मी दर आठवड्याला भावाला आकडा पाठवायचे, नुसता आकडा, बाकी काही नाही लिहायचे, आणि तो अंगठा पाठवायचा.

आणि २५ मार्च २०२२. शुक्रवार रात्र, एससीजी, समोर जिलाँग. हजाराला चार कमी होते. तीन झाले, मग शेवटच्या क्वार्टरला चॅड वॉर्नरने त्याला चेंडू दिला, मार्क झाला. आख्खं ग्राउंड उभं. त्याची ती किक घ्यायची पद्धत, सरळ मागे जातो आणि पळत येताना डावीकडे वळसा घेऊन येतो, ते बघताना मला अजून पोटात गोळा येतो. पाय लागला आणि खांबांच्या मधे जायच्या आधीच लोक कठड्यावर चढले होते. माझे आईबाबा तेव्हा इथे आलेले होते, बाबांना पंचाहत्तरी झालेली. मी म्हटलं तुम्ही इथेच बसा, आणि बघते तर बाबा एका पोराचा हात धरून खाली उतरतायत. आम्ही तिघं ग्राउंडच्या मधोमध उभे होतो. गवत ओलं होतं, पाऊस होऊन गेलेला. लोकांच्या चपला-बूट निघालेले पडले होते, बापलोक पोरांना खांद्यावर घेऊन गोल फिरत होते, कोणी कोणाला ढकलत नव्हतं. दोन वर्षं कोविडमध्ये कोणी कोणाला शिवलं नव्हतं हो, आणि त्या रात्री हजारो माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बराच वेळ मॅच थांबली होती. बाबांनी वाकून थोडं गवत उपटलं आणि रुमालात बांधलं. ते सांगलीजवळच्या आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे, अजून आहे, आई टाकू देत नाही.

सिडनीला काय मिळालं विचारताय तर हे मिळालं.

रोखठोक

ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच. पण धाग्याचा प्रश्न कराराचा आहे तर मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

एएफएलमध्ये सॅलरी कॅप असते. म्हणजे आयपीएलच्या ऑक्शनसारखी प्रत्येक क्लबची पिशवी ठरलेली. त्यात एका माणसाला वर्षाला अकरा लाख डॉलरच्या आसपास दिले की बाकीच्यांचं कमी होतं. त्यात २०१४ च्या शेवटी एएफएलने सिडनीवर बाहेरून खेळाडू घ्यायची बंदी घातली, वरवर कारण सिडनीला मिळणाऱ्या महागाई भत्त्याचं होतं पण बडीच्या कराराने बाकीचे क्लब चिडले होते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे क्लबने त्याची किंमत दोनदा भरली. शिवाय करार झाला तेव्हा तो २६ चा होता, म्हणजे ३५ पर्यंत. २०२० ला दुखापतींमुळे पूर्ण वर्ष एकही मॅच नाही. पैसे मात्र कॅपमध्ये मोजले गेले.

आणि हॉथॉर्न? तो गेल्यावर त्यांनी २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन कप अजून जिंकले. म्हणजे त्याच्याशिवाय चाललं. टीमच्या खेळात शेवटी कप मोजतात, माझं एवढंच म्हणणं आहे. गोलकीपर नसलेल्या या खेळात मिडफिल्ड जिंकून देतं, फॉरवर्ड त्यावर कळस चढवतो.

आकडेमोड

रोखठोक, मुद्दा बरोबर आहे पण एक बाजू राहिली. २०१४ च्या आधी सगळे म्हणत होते की तो ९ वर्षं पूर्ण करणारच नाही, पाच-सहा वर्षांत पाय जातील आणि उरलेले पैसे क्लबच्या बोकांडी बसतील. त्याने नऊच्या नऊ पूर्ण केली आणि वर २०२३ ला दहावं खेळला. पहिल्या पाच वर्षांत दोन कोलमन मेडल. २०१७ चं दुसरं तर आठवून बघ, शेवटच्या राउंडला तो मागे होता, कार्लटनविरुद्ध एससीजीवर १० गोल हाणले आणि सगळ्यांच्या पुढे गेला. क्लब त्या सगळ्या काळात एक-दोन वर्षं सोडली तर दरवर्षी फायनल्समध्ये होता.

आणि तो गेल्यावर २०२४ ला स्वान्स परत ग्रँड फायनलला आले, टेबलवर पहिल्या नंबरवर होते, आणि ब्रिस्बेनकडून ६० ने हरले. म्हणजे तो दिवस त्यांना झेपत नाही हे दुखणं वेगळंच आहे, ते बडीच्या नावावर लावता येणार नाही.

हॉक्सवाला

परत आलो. रोखठोकचं "त्याच्याशिवाय चाललं" हे वाक्य मला लागलं म्हणून लिहितो.

२०१४ चा कप मी एमसीजीत बसून बघितला. आम्ही जिंकत होतो, सगळे नाचत होते, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजींच्या अंगावर हॉथॉर्नचा स्कार्फ होता आणि दर वेळी बडीकडे चेंडू आला की त्या हळूच टाळी वाजवायच्या. दुसऱ्या टीमच्या माणसासाठी. कोणी त्यांना काही बोललं नाही कारण आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. कप मिळाला म्हणून माणूस गेल्याचं दुःख कमी होत नाही. तो गेला तेव्हा मी चिडलो होतो, जर्सी माळ्यावर टाकली होती. पण नऊ वर्षांची हमी कोणी देत असेल तर गव्हाच्या गावातून आलेल्या पोराने ती घेऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू, मी स्वतः तीनदा नोकरी बदललीय जास्त पगारासाठी.

बरं सांगलीकर, किकचं वृषालीताईंनी लिहिलंय त्याला जोडून सांगतो कारण पोरगं शिकतंय. मार्क घेतला की किक मारायला ३० सेकंद मिळतात. मार्क झाला तिथे समोरचा एक माणूस हात वर करून उभा राहतो, त्याला म्हणतात मॅन ऑन द मार्क. किक मारणाऱ्याने त्याच्या आणि गोलच्या रेषेत मागे जायचं आणि त्याच रेषेत यायचं, रेषा सोडली की अंपायर 'प्ले ऑन' ओरडतो आणि मग तुमच्यावर कोणीही झडप घालू शकतो. बडी मात्र दर वेळी डावीकडे वळसा घ्यायचा. अंपायर सूट द्यायचे की त्याचं नैसर्गिक वळण आहे, आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. माझ्या मते त्याच्या कंबरेची ठेवणच तशी होती, डाव्या पायाला झोका मिळायला अंग उघडावं लागायचं. तेवढ्या लांबून, पंचावन्न-साठ मीटरवरून मारायचं तर सरळ रेषेतून ती ताकद आलीच नसती.

पोराला मात्र वळसा शिकवू नका. आधी ड्रॉप पंट शिकू द्या. चेंडू उभा धरायचा, शिवण पुढे, दोन्ही हातांची बोटं पसरून बाजूने. मग ज्या पायाने मारणार त्या बाजूच्या हाताने तो सोडायचा, फेकायचा नाही, नुसता सोडायचा, उभाच्या उभा खाली गेला पाहिजे. खालच्या टोकाला पायाच्या वरच्या हाडाने लागला की उलटा फिरत जातो आणि सरळ जातो. तिरका पडला की संपलं. आमच्या ऑसकिकमध्ये मी दर शनिवारी पोरांना पहिले दहा मिनिटं किक मारूच देत नाही, नुसता चेंडू सोडायला लावतो, गवतावर उभा पडतोय का बघायचं.

सांगलीकर_मेलबर्न

मंडळी, काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. बायकोला पण वाचून दाखवलं. वृषालीताई, आम्ही पण सांगलीचे, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, आणि भाऊ आता बरे आहेत ना?

रोखठोक यांचं कप मोजायचं गणित मला समजलं आणि पटलं पण, क्लबच्या खजिनदाराने तसंच मोजायला हवं. पण मी काल पोराला २०१० चा तो बाउंड्रीवरचा गोल दाखवला. त्याने तो अकरा वेळा बघितला. मग बाहेर अंगणात गेला आणि जर्सी घालून कुंपणाला लागून पळायला लागला, टप्पा देताना चेंडू दर वेळी भलतीकडे उडायचा कारण गोल नाहीये ना तो, अंडं आहे, आणि हा परत आणायचा आणि परत पळायचा. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने खुर्ची घेऊन आले आणि बसले.

एक अडचण आहे. पोरगं उजव्या पायाचं आहे आणि आता हट्ट धरून डाव्याने मारतंय. हॉक्सवाला, मोडू का सवय, की राहू दे?

हॉक्सवाला

राहू दे, अजिबात मोडू नका. दोन्ही पायांनी मारता येणारा पोरगा कुठल्याही कोचला हवाच असतो. फक्त आधी उजव्याने दहा, मग डाव्याने दहा असं करा. आणि डाव्याने मारताना चेंडू डाव्या हाताने सोडायचा, पोरं इथेच चुकतात, सवयीने उजव्यानेच सोडतात आणि मग तो आडवा पडतो. आजोबांना सांगा बघायला, त्यांना कळेल.

वृषाली_सिडनी

भाऊ छान आहे दादा, विचारलंत बरं वाटलं. बडी ३१ जुलै २०२३ ला निवृत्त झाला, पोटरी दुखावल्यावर, सीझन संपायच्या आधीच. त्या दिवशी मी भावाला नेहमीसारखा नुसता आकडा पाठवला, १०६६. या वेळी अंगठा नाही आला, फोन आला.

सप्टेंबरच्या सुट्टीत सिडनीला या, पोराला घेऊन. एससीजीला जाऊ, गोलच्या मागच्या बाजूची तिकिटं मी काढते.